पिशवी माझी मीच उचलणार

मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहायला बसले आहे आणि खरं सांगते, रागात बसले आहे. शाळेत असताना मी मुलांना सांगायचे की रागात निबंध लिहू नये, अक्षर बिघडतं. आता टंकायचंच आहे म्हटल्यावर अक्षराचा प्रश्न उरला नाही!

रागाचं कारण तसं घरगुती आहे. माझ्या भाचीने मागच्या आठवड्यात माझा एक छोटा व्हिडिओ काढला आणि मला न विचारता आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला. व्हिडिओत मी जमिनीवरून ३० किलोची सळई उचलते आहे. साडीवर नाही, पंजाबी ड्रेसवर. बस, एवढंच. पण त्यावर जे सुरू झालं ते विचारू नका. पुण्याहून चिरंजीवांचा फोन, "आई, हे काय नवीन? या वयात कंबर धरली म्हणजे?" अमेरिकेतल्या पुतण्याने हात जोडलेली चित्रं पाठवली. धाकट्या जावेने लिहिलं, "वहिनी, जपा हो, आता आपलं वय का हे?" एका दूरच्या भावाने तर "भैताड झाली काय ही!" असं लिहून नंतर ते पुसून टाकलं. मी वाचलं होतं, भाऊ.

एकेकाला उत्तर देत बसण्यापेक्षा सगळ्यांना इथेच एकदम उत्तर देते. ब्लॉगवरच्या मित्रमैत्रिणींनो, आमच्या घरच्या भांडणात तुम्हाला ओढते आहे, पण हे भांडण तुमच्याही घरी आहे, म्हणून वाचा.

त्याच आठवड्यातली दुसरी गोष्ट. गोकुळपेठेच्या बाजारात गेले होते. वांगी, सांबार, दोन किलो संत्री, एक कोहळ्याची फोड. पिशवी पाच-सहा किलोची झाली असेल. तेवढ्यात मागून "बाई!" अशी हाक आली. माझी जुनी विद्यार्थिनी. आता तिचं वय ४६. वाकून नमस्कार करायला गेली आणि अर्ध्यातच थांबली, "बाई, गुडघे..." म्हणाली. मी म्हटलं, राहू दे गं. तर तिने काय करावं? माझ्या हातातली पिशवी हिसकली! ७४ वर्षांच्या बाईची पिशवी, स्वतः वाकू न शकणाऱ्या ४६ वर्षांच्या बाईने. मी पिशवी सोडेना, ती ओढेना थांबेना. भाजीवाला हसायला लागला, "काकू, देऊन टाका ना पिशवी, कायले एवढा तरास करून राहिल्या?"

मी दिली नाही. का दिली नाही, ते सांगण्यासाठी आधी ताईबद्दल लिहावं लागेल. ताईची मुलंही हे वाचतील, म्हणून सांभाळून लिहिते, पण लिहिणार.

ताई माझ्यापेक्षा पाच वर्षांनी मोठी. लहानपणी आमच्या वाड्यातल्या विहिरीचं पाणी तीच शेंदायची. मी शाळेची पुस्तकं घेऊन बसायची आणि ती घागरी भरायची. लग्नानंतरही चार माणसांचं काम एकटीने ओढलं. साठ वर्षांची झाल्यावर मुलांची परिस्थिती सुधारली आणि सगळ्यांनी मिळून ठरवलं की आईने आता आराम करायचा. खरंच प्रेमाने ठरवलं. पलंग उंच आला. जेवायला टेबल आलं. कमोड बसवला. कणीक मळायला बाई, धुण्याला यंत्र, भाजी दारावर. उन्हाळ्यात कूलरमध्ये बादलीने पाणी भरायची ती, त्यालाही नळी लागली. ताई खाली मांडी घालून बसायची तीही बंद झाली, कारण "आई, कशाला खाली बसतेस, उठताना त्रास होतो." आम्ही बाकीचे कौतुक करायचो, "ताईने नशीब काढलं!" मीही त्यात होते. ताईकडे गेले की तिला उठू द्यायची नाही, चहा मीच करायची.

दहा वर्षं असा आराम झाला. ७१व्या वर्षी ताई न्हाणीघरात पडली. पाय घसरला म्हणावं तर फरशी कोरडी होती. तोल गेला आणि सावरायला पायात बळच नव्हतं. खुब्याचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया उत्तम झाली, डॉक्टरांनी तिसऱ्या दिवशी उभं करायचा प्रयत्न केला. ताई उभी राहीना. हाड जोडलं होतं हो, पण त्या हाडाला उचलणारे स्नायू दहा वर्षांपूर्वीच निवृत्त झाले होते. अकरा महिने अंथरुणावर काढले आणि गेली. जगभरचे आकडे सांगतात की खुबा मोडलेल्या म्हाताऱ्या माणसांपैकी साधारण पाचातलं एक वर्षाच्या आत जातं. आमची ताई त्या पाचातली एक.

कोणाला दोष देत नाही. दिलाच तर आम्हा सगळ्यांना सारखा वाटून देते. आम्ही तिची पिशवी घेतली, तिची बादली घेतली, तिचा पाट घेतला आणि शेवटी तिचे पायही घेतले. सगळं प्रेमाने घेतलं, एवढाच काय तो दिलासा.

तेव्हापासून "आता तुमचं वय झालं, जपा" हे वाक्य ऐकलं की माझ्या डोक्यात तिडीक जाते. जपा म्हणजे काय करा? आपल्या भाषेत जपणं म्हणजे न वापरणं असं झालं आहे. पैठणी जपतात, चांदीचं ताट जपतात. कपाटात ठेवून. पण स्नायू ही पैठणी नव्हे. तो पाठांतरासारखा आहे. रोज म्हटलं तर राहतं, पुस्तक मिटून ठेवलं तर पुढच्या परीक्षेला शून्य.

आता थोडं शास्त्राचं. मी मराठी माध्यमातली बी.ए., शास्त्रज्ञ नव्हे. पण ताई गेल्यावर वाचत गेले, भाचीकडून समजून घेत गेले, ते सांगते. तिशी-चाळिशीनंतर माणसाचा स्नायू हळूहळू कमी होऊ लागतो, दर दहा वर्षांना साधारण ३ ते ८ टक्के, आणि साठीनंतर वेग वाढतो. ताकद तर स्नायूपेक्षाही भराभर कमी होते. वजनकाट्यावर हे दिसत नाही, कारण स्नायूची जागा चरबी घेते. चाळिशीतली बाई म्हणते, "माझं वजन लग्नापासून तेवढंच आहे." असेल बाई, पण आतला माल बदलला! या प्रकाराला १९८९ साली आयर्विन रोझेनबर्ग नावाच्या अमेरिकन संशोधकाने सार्कोपेनिया असं ग्रीक नाव दिलं. तोवर त्याला नावच नव्हतं. सगळे त्याला म्हातारपण म्हणत होते. नाव नसलेल्या आजारावर औषध कोण शोधणार?

औषध मात्र लगेच पुढच्याच वर्षी सापडलं. १९९० साली बोस्टनच्या एका वृद्धाश्रमातल्या दहा जणांवर मारिया फियातारोने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रयोग केला. वयं ८६ ते ९६! काठी टेकणारी, पूर्वी पडलेली, अनेक दुखण्यांची माणसं. त्यांना आठवड्यातून तीन दिवस, आठ आठवडे, पायांनी वजन उचलायला लावलं. नाजूकसाजूक वजन नाही, त्यांना जेवढं जास्तीत जास्त उचलता येत होतं त्याच्या ८० टक्क्यांपर्यंत. एकाने सोडलं, नऊ टिकले. त्यांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. म्हणजे एकाची जवळजवळ पावणेतीन झाली. दोघांनी काठी सोडली. आणि महत्त्वाचं म्हणजे, व्यायाम थांबवल्यावर चारच आठवड्यांत कमावलेल्यातली बरीच ताकद पुन्हा गेली.

मग १९९४ साली त्यांनीच शंभर जणांवर प्रयोग केला, सरासरी वय ८७. काहींना व्यायाम, काहींना पौष्टिक पेय, काहींना दोन्ही, काहींना काहीच नाही. व्यायाम करणाऱ्यांची ताकद दुपटीच्या वर गेली. नुसतं पेय पिणारे होते तिथेच राहिले. ज्या घरांत आईबाबांना भुकटीचे डबे आणून दिले की कर्तव्य संपतं, त्या घरांनी हे वाक्य दोनदा वाचावं.

हे कळून तीस वर्षांच्या वर झाली. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० सालच्या सूचनांत तर स्पष्ट लिहिलं आहे की सर्व प्रौढांनी आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायू बळकट करणारा व्यायाम करावा, आणि ६५च्या वरच्यांनी तोल आणि ताकदीचा व्यायाम तीन दिवस करावा. पासष्टीच्या वरच्यांनी कमी करा असं नाही म्हटलेलं, जास्त करा असं म्हटलं आहे! आणि आमच्याकडे काय चाललं आहे? "बाबा, रोज अर्धा तास चाला. बस."

हे "बस" मला मान्य नाही. सकाळी अंबाझरीवर जा, सेमिनरी हिल्सला जा, धरमपेठेतल्या ट्रॅफिक पार्कमध्ये जा. शेकडो लोक चालत असतात. चांगलं आहे, मीही चालते. हृदयाला चांगलं, साखरेला चांगलं, मनाला चांगलं, शेजारच्यांच्या सुनांबद्दल माहिती मिळते. पण चालून खुर्चीतून उठायची ताकद येत नाही. चालणाऱ्याच्या हातांना, खांद्यांना, पाठीला काही कामच नसतं. वीस वर्षं नियमाने चालणारे आमच्या ओळखीचे एक गृहस्थ सतरंजीवर बसले की दोघांनी मिळून उठवावे लागतात. त्यांचं चालणं चुकलं नाही. चालणं म्हणजेच सगळा व्यायाम, हे त्यांना सांगणारे चुकले.

आणि बागांमधली ती रंगीत यंत्रं! उद्घाटनाचे फलक काय, फिती काय. बहुतेक यंत्रांना वजन कमी-जास्त करायची सोयच नसते. त्यावर उभं राहायचं आणि पाय मागेपुढे झुलवायचे. लहान मुलांना झोका, म्हाताऱ्यांनाही झोकाच. काहीच नसण्यापेक्षा बरं, हे मान्य. पण पहिलीच्या पाढ्यांवर दहावीची परीक्षा पास होत नाही. शरीराला आज कालच्यापेक्षा थोडं जास्त मागितलं तरच ते वाढतं. शिकवण्याचा आणि व्यायामाचा नियम एकच आहे.

बरं, जिममध्ये जावं म्हटलं तर तिथली तऱ्हा निराळी. ताई गेल्यानंतर दोन वर्षांनी, मी ६८ वर्षांची असताना, घराजवळच्या एका जिममध्ये गेले. भिंतीवर तेलकट पोटाच्या पुरुषांची चित्रं. छातीत धडधडेल असं संगीत. शिकवणाऱ्या मुलाने मला पाहून विचारलं, "आजी, कोणाला घ्यायला आलात?" मी म्हटलं, मला शिकायचं आहे. त्याने मला कोपऱ्यातल्या सायकलवर बसवलं आणि हातात एक किलोची गुलाबी डंबेल्स दिली. एक किलो! अरे बाबा, मी ३३ वर्षं उत्तरपत्रिकांचे गठ्ठे वाहिले, दोन मुलं कडेवर घेऊन जिने चढले. माझा तवासुद्धा किलोच्या वर आहे. पण त्या पोरालाही दोष नाही, त्याला कोणी शिकवलंच नव्हतं की म्हातारी माणसं हीसुद्धा विद्यार्थी असतात.

महिन्याभराने ते सोडलं. नंतर एक मुलगी भेटली, अमरावतीला शारीरिक शिक्षण शिकून आलेली. ती आमच्याच वस्तीत सहा-सात बायकांना शिकवते. पहिल्या दिवशी तिने विचारलं, "काकू, हात न टेकता खुर्चीतून उठता का?" मी नाही म्हटलं. "मग इथूनच सुरू." बस, इतकं साधं. महिनाभर मी फक्त खुर्चीतून उठत आणि बसत होते. मग हातात पाण्याची बाटली घेऊन. मग पाच किलो. मग जमिनीवरून वजन उचलायला शिकवलं, पाठ कशी ठेवायची, श्वास कसा सोडायचा. ३० किलोपर्यंत यायला मला चार वर्षं लागली आहेत, चिरंजीव. तुम्ही दहा सेकंदांचा व्हिडिओ पाहून फोन केलात.

अमरावतीवरून आठवलं. आपल्या विदर्भाला बलोपासनेचा केवढा अभिमान! अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ साली वैद्य बंधूंनी सुरू केलं आणि १९३६ साली त्यांचं पथक बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी कबड्डीसारख्या देशी खेळांची प्रात्यक्षिकं दाखवून आलं. बडोद्याच्या द. चिं. मुजुमदारांनी मराठीत दहा खंडांचा व्यायाम ज्ञानकोश काढला. व्यायामावर दहा खंड! कोणत्या भाषेत असेल इतकं? भाषणं करायला हे सगळं फार उपयोगी पडतं. मीसुद्धा शाळेच्या स्नेहसंमेलनात ही उदाहरणं दिली आहेत.

पण खरं बोलू या. आपले आखाडे हे जवान पोरांसाठी होते. लाल मातीत बाई नव्हती आणि चाळिशीनंतरचा पुरुष कडेला बसून "आम्ही आमच्या काळी पाचशे बैठका मारायचो" एवढं सांगण्यापुरता होता. बलोपासना ही आयुष्यभराची गोष्ट आहे असं ठणकावून सांगणारे थोडे. त्यांतले एक औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी. जन्म १८६८चा. तरुणपणी ते सँडोच्या पद्धतीने डंबेल्स करायचे, आणि चाळिशीच्या आसपास, म्हणजे आपली माणसं व्यायाम सोडतात त्या वयात, त्यांनी सूर्यनमस्कार धरले. मग म्हातारपणापर्यंत सोडले नाहीत. राणीसाहेबांना, मुलांना, संस्थानातल्या शाळांना नमस्कार लावले. १९३८ साली त्यांचं पुस्तक इंग्लंडमध्येही निघालं. १९५१ साली ८२ वर्षांचे होऊन गेले. कोणी म्हणेल राजाला काय, रिकामा वेळ. अहो, ज्याच्या दाराशी हत्ती उभा त्याला जमिनीवर बारा वेळा डोकं टेकायची काय गरज होती? तरी टेकलं.

आता माझा कबुलीजबाब. हा लिहायला जड जातो आहे.

ती बाजारातली विद्यार्थिनी ४६ वर्षांची. तिच्या वर्गाला मी आठवी ते दहावी मराठी शिकवलं. आठवड्यातून दोन तास शारीरिक शिक्षणाचे असायचे. दहावीला ते तास मी मागून घ्यायची. अभ्यासक्रम पुरा व्हायचा नाही ना! गणिताच्या बाई एक घ्यायच्या, मी एक. पी.टी.चे सर बिचारे काही बोलायचे नाहीत. मुलांचे तास घेतले तर मुलं आरडाओरडा करायची, म्हणून त्यांना मैदानावर सोडून द्यायचो आणि मुलींचे घ्यायचो. मुली निमूट बसायच्या. निकाल चांगला लागायचा, माझं कौतुक व्हायचं. त्या मुलींना अलंकार पाठ झाले, वृत्तं पाठ झाली. व्यायाम ही आपली गोष्ट नव्हे, हेही पाठ झालं. ते कोणी शिकवलं? मी शिकवलं. अर्धवट वाकून "बाई, गुडघे..." म्हणणारी ती मुलगी माझ्याच अध्यापनाचा निकाल आहे. त्या दिवशी पिशवी सोडली नाही यात थोडा हट्ट होता, थोडी लाज होती.

म्हणून हा लेख म्हाताऱ्यांसाठी कमी आणि चाळिशीतल्यांसाठी जास्त आहे. सत्तरीत सुरू करता येतं हे मी स्वतः पाहते आहे, पण सत्तरीत सुरू करणं म्हणजे तिमाहीला नापास होऊन वार्षिकच्या आदल्या रात्री पुस्तक उघडणं. पास होता येईल, पण घाम फार. चाळिशीत सुरुवात केलीत तर आयतं भांडवल हाताशी असतं. बायकांना तर पाळी जाण्याच्या सुमारास हाडं भराभर पोकळ होऊ लागतात, तेव्हा कॅल्शियमच्या गोळ्या सगळे देतात, हाडाला वजन दे असं कोणी सांगत नाही. ऑस्ट्रेलियात २०१८ साली एक अभ्यास छापून आला. पाळी गेलेल्या, हाडं विरळ झालेल्या १०१ बायका. निम्म्यांना जाणकारांच्या देखरेखीखाली आठवड्यातून दोनदा, अर्धा-अर्धा तास, चांगली जड वजनं उचलायला लावली, आठ महिने. बाकीच्यांना घरी करायचे हलके व्यायाम दिले. वजन उचलणाऱ्यांच्या कण्याच्या हाडाची घनता सुमारे ३ टक्क्यांनी वाढली, दुसऱ्यांची एक टक्क्याच्या वर घटली. हाडं मोडतील म्हणून ज्यांना वजनापासून लांब ठेवतात, त्यांचीच हाडं वजनाने सुधारली!

आता नेहमीचे आक्षेप घेते, म्हणजे फोन वाचतील.

"आमच्या आज्या कुठे जिममध्ये जायच्या?" बरोबर. जातं, उखळ, पाटा-वरवंटा, रहाट, डोक्यावर घागर. तेच त्यांचं जिम. पण त्याचं फार गोडवे गाऊ नका. पोटाला पुरेसं नसायचं, बाळंतपणं पाठोपाठ, साठीला कमरेत वाकलेल्या कितीतरी आज्या मी पाहिल्या आहेत. मला जातं परत नको आहे. जात्याने जे दिलं तेवढंच हवं आहे, आणि तेही माझ्या मर्जीने, आठवड्यातून दोन-तीन तास.

"रक्तदाब आहे, गुडघे दुखतात." मलाही आहे, माझेही दुखायचे. आधी डॉक्टरांना विचारा, हृदयाची तपासणी करून घ्या, हे सांगायलाच नको. वजन उचलताना श्वास कोंडू नका, मोठ्याने आकडे मोजा म्हणजे आपोआप सुटतो. (शिक्षिकेला हे जमतं!) पण "विचारा" म्हणजे "सोडा" नव्हे. गुडघ्याभोवतीचा स्नायू बळकट झाला की गुडघ्यावरचा भार हलका होतो. माझं जिने उतरणं आज पाच वर्षांपूर्वीपेक्षा सोपं आहे.

"इजा झाली तर?" झाली होती. दोन वर्षांपूर्वी शिकवणारी मुलगी गावाला गेली असताना मी आगाऊपणा केला, डोक्यावर जास्त वजन नेलं आणि उजवा खांदा दीड महिना धरून बसले. चूक माझी. पण न उचलण्यानेही इजा होते, ताईला झाली होती. तिचा व्हिडिओ कोणी काढला नाही एवढंच.

"योगासनं आहेत की." आहेत आणि उत्तम आहेत. तोल राहतो, सांधे मोकळे राहतात. सूर्यनमस्कारात तर आपलंच वजन हातापायांवर पेलायचं असतं. ज्यांना ते जमतात त्यांनी जरूर करावेत, संख्या वाढवत करावेत. पण डोळे मिटून वीस मिनिटं श्वास घ्यायचा आणि त्याला पूर्ण व्यायाम म्हणायचं, हे चालणार नाही.

"आम्ही शाकाहारी, ताकद कुठून येणार?" हा प्रश्न मात्र खरा आहे. आपल्या ताटात पोळी-भात भरपूर आणि प्रथिनं नावाला. आपल्या राष्ट्रीय पोषण संस्थेचा हिशोब किलोमागे रोज ०.८३ ग्रॅमचा आहे. माझं वजन ५२ किलो, म्हणजे ४३ ग्रॅम तरी हवीत. एक वाटी पातळ वरणात पाच-सहा ग्रॅम असतात, मग बघा! म्हातारपणी आपण बायका काय करतो? "रात्री नुसता दूध-भात पुरे." नाही पुरत. घट्ट वरण, उसळ, दही, मूठभर फल्लीदाणे, झुणका, चालत असेल तर अंडं. महागड्या भुकटीशिवाय बेरीज जमते, फक्त बेरीज करावी लागते.

"पैसे?" खुर्ची घरात आहे. जिना घरात आहे. पाच किलोची आट्याची पिशवी घरात आहे. भिंतीला हात टेकून जोर काढता येतात. शिकवणारं माणूस मिळालं तर सोनं, पण सुरुवात फुकट आहे.

"लोक काय म्हणतील?" लोक म्हणाले. वाचलं ना वर.

गेल्या पावसाळ्यात मी लक्ष्मीनगरच्या चौकात पडले. हे घरी कोणाला सांगितलं नव्हतं, आता कळेल. शेवाळावरून पाय सरकला. पण तोल जाताना दुसरा पाय पुढे पडला, हात टेकला, गुडघा खरचटला. दोन पोरं धावत आली, तोवर मी उठून उभी होते. घरी येऊन हळद लावली आणि खूप वेळ बसून राहिले. ताईची फार आठवण आली. ती माझ्यापेक्षा कितीतरी बळकट होती हो, विहिरीवर. तिच्याजवळ जे होतं ते आम्ही ठेवू दिलं असतं तर, असं सारखं वाटत राहिलं. त्यावर लिहिण्यासारखं माझ्याजवळ काही नाही.

तेव्हा चिरंजीव, काळजी वाटते ना? मग असं करा. दिवाळीला याल तेव्हा माझ्या हातातून काही घेऊ नका. मी खाली बसले तर हात पुढे करू नका. मला उठू द्या, वेळ लागला तरी. आणि तुम्ही दोघं, वय ४५ आणि ४३, माझ्यासमोर जमिनीवर मांडी घालून बसा आणि हात, गुडघा काहीही न टेकता उठून दाखवा. ब्राझीलच्या क्लाउदिओ अराउजो नावाच्या डॉक्टरांनी हीच परीक्षा पन्नाशीच्या वरच्या दोन हजार लोकांची घेतली होती. ज्यांना उठताना जास्त आधार लागला, ते पुढच्या काही वर्षांत जास्त संख्येने गेले, असं त्यांनी २०१२ साली छापलं. आपल्याकडे पंगतीत ही परीक्षा रोज व्हायची. आता पंगतही टेबलावर गेली.

धाकट्या जावेला सांगते, तू माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान आहेस. मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी सातला आमच्याकडे ये. पहिल्या दिवशी फक्त खुर्चीतून उठायचं आहे. त्या भावालाही निरोप देऊन ठेव.

ब्लॉगवरच्या मंडळींनो, तुम्हीही आज रात्री करून पाहा आणि खरं काय झालं ते लिहा. खोटं लिहिणाऱ्याला मी ओळखते, ३३ वर्षं प्रगतिपुस्तकावरच्या पालकांच्या सह्या तपासल्या आहेत.

असो. फार झालं. बाहेर दूधवाला ओरडतो आहे, पिशवी घेऊन खाली जायचं आहे. लिफ्ट चालू आहे, पण मी जिन्यानेच जाणार.